वहीचे पहिले पान : न्यायमूर्ती रानडे यांची न्यायसेवा

मालवण तालुक्यातील कट्टा या गावी ‘बॅरिस्टर’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाचे सेवांगण येथे आहे आणि राजापूर मतदारसंघाच्या या खासदाराचे नाव कोकणात आजही आदराने घेतले जाते. वकिलाची थोरवी गावाला अशी ठाऊक असते. न्यायाधीशाची मात्र सहसा नसते. उच्च न्यायालयात अपील ऐकणारा न्यायाधीश कोण असतो, तो त्या खुर्चीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो आणि तेथे बसून नेमके काय पाहतो, हे व्यापारी कुटुंबांनाही बहुधा प्रसंग पडल्यावरच कळते.

कट्ट्याच्या बाजारपेठेतील एखाद्या दुकानदाराचा उधारीवरून किंवा जागेच्या भाडेपट्ट्यावरून वाद झाला, तर त्याची पहिली पायरी मालवणचे दिवाणी न्यायालय. तेथील निकालाविरुद्धचे अपील सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा न्यायालयात. त्याच्याही वर जायचे, तर कालपरवापर्यंत मुंबई गाठावी लागे. म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास, मुक्कामाचा खर्च आणि बंद दुकानाचे नुकसान. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर आणि रत्नागिरी यांच्याबरोबर सिंधुदुर्ग जिल्हाही या बेंचच्या कक्षेत आला. अपिलाची वाट घाट चढून कोल्हापूरला जाऊ लागली.

या घटनेच्या निमित्ताने एका जुन्या न्यायाधीशाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले आणि तारुण्यात काही काळ त्यांनी कोल्हापूर संस्थानात न्यायाधीशाचे काम केले. पुढे ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि महाराष्ट्राने ‘न्यायमूर्ती’ ही पदवी जणू त्यांच्या नावाचाच भाग करून टाकली. समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ, इतिहासकार म्हणून महादेव गोविंद रानडे सर्वांना माहीत आहेत. त्यांची न्यायसेवा मात्र त्या कीर्तीच्या सावलीत राहिली. व्यापारी आणि देवघेव करणाऱ्या घरांच्या दृष्टीने तर तीच अधिक अभ्यासण्याजोगी आहे. कारण या न्यायाधीशाच्या आयुष्यातील फार मोठा भाग कर्जखते, गहाणखते आणि वह्या तपासण्यात गेला.

कोल्हापूर ते पुणे

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्याने प्राथमिक शिक्षण कोल्हापुरात झाले. तेथून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गेले. मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी १८६२ मध्ये ज्या पहिल्या तुकडीने मिळविली, तिच्यात रानडे होते. त्याच तुकडीत आणखी एक नाव होते ते रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे. भांडारकर मूळचे मालवणचे. तेथेच १८३७ मध्ये त्यांचा जन्म झाला. संस्कृत हस्तलिखितांच्या शोधात त्यांनी अनेक जैन ग्रंथही नोंदवून विद्वानांच्या नजरेस आणले. निफाडचा एक आणि मालवणचा एक, असे हे दोन सहाध्यायी पुढे जन्मभराचे स्नेही राहिले. एकाने जुन्या पोथ्या वाचल्या, दुसऱ्याने जुने रोखे.

१८६६ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर रानडे यांनी काही काळ शिक्षण खात्यात भाषांतरकाराचे काम केले. त्यानंतर अक्कलकोट संस्थानचे कारभारीपद आणि १८६७-६८ च्या सुमारास कोल्हापूरचे न्यायाधीशपद असा त्यांचा प्रवास झाला. तेव्हा ते पंचविशीत होते. नंतर काही वर्षे त्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केले. १८७१ मध्ये ॲडव्होकेटची परीक्षा देऊन ते उच्च न्यायालयात वकिली करण्यास पात्र झाले. मुंबईत वकिली केली असती, तर पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही लवकर मिळाली असती. त्यांनी सरकारी न्यायसेवा पत्करली आणि १८७१ च्या अखेरीस पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून ते पुण्यास रुजू झाले.

ही निवड समजून घेण्यासारखी आहे. त्या काळी उच्च न्यायालयातील हिंदी न्यायाधीशाची खुर्ची जवळजवळ एकच होती. मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ ची. तेथे बसणारे पहिले हिंदी न्यायाधीश नानाभाई हरिदास. १८८९ मध्ये त्यांच्या निधनानंतर काशिनाथ त्रिंबक तेलंग त्या जागी आले, तेही नामांकित वकील म्हणूनच. खालच्या न्यायालयात दाखल झालेल्या माणसाने वरपर्यंत पोहोचावे, ही अपेक्षाच कुणी करीत नसे. रानडे यांना ती वाट चालायला बावीस वर्षे लागली.

सुप्याचा बाजार

रानडे पुण्यात असतानाच दख्खनमध्ये ती घटना घडली, जिची आठवण महाराष्ट्रातील अनेक व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरले. ज्यांच्यावर हा रोष होता, त्यांत मारवाडी आणि गुजराती कुटुंबे मोठ्या संख्येने होती आणि त्यांत जैन घरेही होती. वाळवंटातून वा गुजरातेतून पायी आलेल्या पूर्वजांनी उभे केलेले दुकान एका दिवसात उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्या घरातील बायकामुलांवर काय गुदरले असेल, याची कल्पनाच करावी.

तथापि एक गोष्ट सरकारी चौकशीतही नमूद झाली. माणसांना इजा करण्यापेक्षा जमावाचा भर कागद हस्तगत करण्यावर होता. खते, रोखे, हुकूमनामे मागून घेतले जात आणि जाळले जात. कागद मिळाला की जमाव पुढे जाई. राग माणसावर होताच, पण त्याहून अधिक तो कागदावर होता. असे का व्हावे?

त्याचे उत्तर हिशोबात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दावा तीन वर्षांत लावणे आवश्यक झाले. हेतू चांगला होता. जुनी लचांडे उकरली जाऊ नयेत. परिणाम उलटा झाला. तीन वर्षे संपत आली की सावकार कुळाला बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि नवा रोखा लिहून घेई. समजा, एखाद्या कुळाने शेकडा २४ दराने १०० रुपये घेतले. तीन वर्षांनी व्याज ७२. नवा रोखा १७२ चा. पुढच्या तीन वर्षांनी तो सुमारे २९६ चा आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस सुमारे ५०९ चा. या नऊ वर्षांत कुळाच्या हाती नवा पैसा एकही आलेला नसे. न्यायालयापुढे मात्र शेवटचा रोखा येई आणि त्यावर मुद्दल म्हणून ५०९ चाच आकडा असे. मूळ १०० रुपयांचे पान न्यायाधीशाच्या नजरेस पडतच नसे.

त्यात एकतर्फी हुकूमनाम्यांची भर. तालुक्याच्या न्यायालयापर्यंत कूळ पोहोचे ना, वकील देऊ शके ना. दावा एकतर्फी निकाली निघे आणि जप्तीचा बेलिफ दारात उभा राही. दुसऱ्या बाजूने अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेली तेजी १८६५ नंतर ओसरली होती आणि याच सुमारास जमिनीच्या फेरपाहणीत सारा वाढविला गेला होता. सारा रोखीत आणि ठरल्या तारखेस भरावा लागे. तो भरण्यासाठी पुन्हा सावकाराचीच पायरी. पुणे सार्वजनिक सभेच्या व्यासपीठावरून आणि तिच्या त्रैमासिकातून रानडे व त्यांचे सहकारी यांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला. सगळा दोष सावकाराच्या माथी मारून सरकारला हात झटकता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

अपील नाही, न्यायाधीशच दारी

दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग बसला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते, म्हणून कोकण त्याच्या बाहेर राहिले. पण देवघेवीच्या व्यवहाराकडे न्यायालयाने कसे पाहावे, याबद्दलची नवी दृष्टी या कायद्याने दिली आणि रानडे यांची पुढील कारकीर्द त्याच्याशी बांधली गेली.

या कायद्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : न्यायाधीशाने शेवटचा रोखा पाहून थांबू नये, वहीचे पहिले पान उघडावे. शेतकऱ्याने कर्ज कबूल केले तरी व्यवहाराचा इतिहास तपासावा. मुद्दल आणि व्याज यांचे हिशोब वेगळे मांडावेत. मध्येच व्याज मुद्दलात मिळवून केलेल्या रोख्यांना बांधील राहू नये. वरील उदाहरणातील ५०९ रुपयांचा दावा या पद्धतीने तपासला, तर मुद्दल १०० आणि नऊ वर्षांचे सरळ व्याज २१६ निघते. त्यावर आपल्या जुन्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करू नये हा नियम लावला, तर मागणी २०० वर येऊन थांबते.

केवळ देण्याच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकण्याची प्रथा या कायद्याने बंद केली. हप्ते बांधून देता येऊ लागले. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, असे ठरले. दाव्यापूर्वी समेट घडविण्यासाठी गावोगावी प्रतिष्ठित माणसे नेमली गेली. सावकारावर तीन कर्तव्ये आली : मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती देणे, मागितल्यास दरवर्षी हिशोबाचा उतारा देणे आणि पासबुक लिहून देणे. आज बँकेच्या प्रत्येक ग्राहकाच्या हाती असणारे पासबुक दख्खनच्या कर्जदार शेतकऱ्याचा कायदेशीर हक्क म्हणून असे अवतरले. सावकाराचाही विचार झाला होता. दावा लावण्याची मुदत वाढवून नोंदणी झालेल्या दस्तऐवजास बारा वर्षे आणि इतरांस सहा वर्षे करण्यात आली, म्हणजे दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घेण्याचे कारणच उरू नये.

सर्वांत वेगळी तरतूद अपिलाविषयी होती. लहान दाव्यांत अपील ठेवलेच नव्हते. कारण अपिलाचा खर्च गरीब कुळाला कधीच झेपत नसे आणि धनवंताला तो हत्यार म्हणून वापरता येई. त्याऐवजी खालच्या न्यायालयांच्या कामावर देखरेख करणारा स्पेशल जज्ज नेमला गेला. तो गावोगाव फिरे, दुय्यम न्यायाधीशांची दप्तरे तपाशी, निकालात चूक वा अन्याय दिसल्यास ती दुरुस्त करी. पक्षकाराने अपिलासाठी दूर जाण्याऐवजी वरचा न्यायाधीशच त्याच्या तालुक्यात येई.

रानडे १८८१ पासून या देखरेखीच्या कामात स्पेशल जज्जांचे साहाय्यक होते. १८८४ मध्ये ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १८८७ मध्ये स्वतः स्पेशल जज्जच्या जागी आले. दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतून त्यांचा दौरा निघे. सोबत पत्नी रमाबाई असत. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे रमाबाईंचे पुस्तक त्या फिरत्या संसाराचे चित्र मागे ठेवून गेले आहे. बैलगाड्या, मुक्काम, दप्तरांचे गठ्ठे आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे वाचन, असे ते जीवन होते.

या वाटेवर विघ्नेही कमी नव्हती. सार्वजनिक कार्यातील सहभागामुळे सरकारची रानड्यांवर वक्रदृष्टी होती. १८७८ मध्ये पुण्याहून नाशिकला आणि १८७९ मध्ये धुळ्याला त्यांची बदली झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस होते. धुळ्यात त्यांच्या टपालावरही पाळत ठेवली गेली. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसावरच संशय घ्यावा, याहून मोठा अपमान कोणता? रानडे यांनी राजीनामा दिला नाही, तक्रारीचे जाहीर प्रदर्शनही केले नाही. समोर आलेली दप्तरे ते तपासत राहिले. संशय कालांतराने आपोआप विरला.

सावकाराविषयी न्यायाधीशाचे मत

बारा वर्षे कर्जाचीच प्रकरणे पाहणाऱ्या न्यायाधीशाचे सावकाराविषयी मत कडू झाले असते, तर नवल नव्हते. तसे झाले नाही, आणि येथेच रानडे यांचे वेगळेपण दिसते. खोटा रोखा करणारा सावकार त्यांनी पाहिला तसा घेतलेले पैसे नाकारणारा ऋणकोही पाहिला. नव्या कायद्याच्या भीतीने पत आखडत चालली आहे आणि गहाणाऐवजी सरळ खरेदीखतेच लिहून घेतली जात आहेत, ही तक्रारही त्या काळी ऐकू येत होती. कायद्याने सावकाराचा हात धरता येतो. पण पेरणीच्या वेळी बियाण्याला लागणारा पैसा कायदा देऊ शकत नाही.

पुण्यात १८९१ च्या औद्योगिक परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात रानडे यांनी हाच प्रश्न हाताळला. जर्मनी, इटली आदी युरोपीय देशांनी जमिनीच्या तारणावर स्वस्त कर्ज देणाऱ्या संस्था कशा उभ्या केल्या, याचा आढावा घेऊन त्यांनी विचारले की, हिंदुस्थानात हे का होऊ नये? त्यांच्या योजनेत सावकाराला हद्दपार केलेले नव्हते. उलट जिल्ह्याजिल्ह्यातील भांडवलदारांनीच एकत्र येऊन, सरकारच्या साहाय्याने आणि देखरेखीखाली, माफक व्याजाने दीर्घ मुदतीची कर्जे द्यावीत, असे त्यांनी सुचविले. सावकाराचे ज्ञान समाजाला हवे आहे. हवी आहे ती त्याला शिस्त आणि संघटना, असा या विचाराचा रोख होता.

त्यापूर्वी सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती. पुण्याचे सावकार तिच्यात भांडवल घालण्यास तयार झाले होते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. हिंदुस्थान सरकारने अनुकूलता दाखविली, पण लंडनहून नकार आला. रानडे गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९०४ मध्ये, सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. आज जिल्ह्याजिल्ह्यात दिसणाऱ्या सहकारी पतव्यवस्थेची मुळे शोधू लागल्यास, त्यांपैकी एक या न्यायाधीशाच्या दौऱ्यातील दप्तरांपर्यंत जाते.

उच्च न्यायालयात

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती तेलंग यांचे अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी निधन झाले. त्यांच्या जागी कोण, याकडे साऱ्या मुंबई इलाख्याचे लक्ष होते. नोव्हेंबर १८९३ मध्ये रानडे यांची नियुक्ती झाली. तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. न्यायाधीशपदावर असतानाच १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे उच्च न्यायालयात त्यांना सात वर्षांहून थोडा अधिक काळ मिळाला. खालच्या न्यायालयांत आणि देखरेखीच्या कामात गेलेली वर्षे त्याच्या तिप्पट होती.

उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत जिल्ह्यांतून येणारी प्रकरणे बहुधा दोन न्यायाधीशांपुढे चालत. वारसा, दत्तक, वाटणी, इनाम, गहाण हे नेहमीचे विषय. कागद मराठी, गुजराती वा कानडी असत आणि न्यायालयापुढे त्यांची इंग्रजी भाषांतरे येत. मूळ मराठी दस्तऐवज स्वतः वाचू शकणारा, ‘मुदत’, ‘लहणे’, ‘हवाला’ या शब्दांमागचा व्यवहार ओळखणारा न्यायाधीश पीठावर असणे ही पक्षकारांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. पेशवेकालीन रोजनिश्या वाचणाऱ्या रानड्यांना जुन्या कागदांची भाषा नवी नव्हती.

येथे दिवाणी कायद्यातील एक बाब सर्वांनी समजून घ्यावी अशी आहे. जिल्हा न्यायालयाच्या अपील निकालानंतर उच्च न्यायालयात जे दुसरे अपील होते, त्यात वस्तुस्थिती पुन्हा तपासली जात नाही. केवळ कायद्याचा प्रश्न पाहिला जातो. रानड्यांच्या काळी हा दंडक होता आणि आजही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० नुसार कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याखेरीज दुसरे अपील चालत नाही. पैसे दिले की नाही, पावती खरी की खोटी, सही कुणाची, हे खालीच ठरते. जो हिशोब मालवणच्या न्यायालयात नीट मांडला गेला नाही, तो कोल्हापुरात वा मुंबईत नव्याने मांडता येत नाही. बावीस वर्षे पहिल्या पायरीवर घालविलेल्या न्यायाधीशाला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. खालचा न्यायाधीश कोठे घाईने चुकतो आणि कोठे पक्षकार बोलू न शकल्यामुळे चुकतो, हे त्याने गावोगावच्या दप्तरांत पाहिलेले होते.

व्रत आणि वही

जैन श्रावकाला ही दृष्टी परकी वाटू नये. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ आणि ‘न्यासापहार’ हे दोन आहेत. खोटा लेख करणे हा पहिला आणि विश्वासाने ठेवलेली ठेव लाटणे हा दुसरा. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे येतात. तोंडाने खोटे न बोलताही रोख्यावर खोटा आकडा लिहिता येतो, हे आचार्यांनी ओळखले होते. म्हणूनच लेख हा सत्यव्रताचा विषय झाला. १८७९ च्या कायद्याने सावकाराकडून जी पावती, जो उतारा, जे पासबुक मागितले, ते व्रती व्यापाऱ्याच्या दुकानात कायद्यावाचूनही असायला हवे होते. ज्या दुकानांत ते होते, त्यांना वहीचे पहिले पान उघडले जाण्याचे भय नव्हते. ज्यांच्या वह्या सुप्याला जळल्या, त्यांत अशी स्वच्छ पानेही असणार. त्या पानांच्या मालकांवर झालेला अन्याय हा इतरांनी लिहिलेल्या कूटलेखांचाच परिणाम होता. एका दुकानाचा खोटा रोखा साऱ्या पेठेची पत बुडवितो, हा त्या दंग्याचा धडा आहे.

आजही महाराष्ट्रात सावकारी करण्यास २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवाना लागतो, हिशोब ठेवावा लागतो, पावती द्यावी लागते. नातेसंबंधातील वा बाजारातील हातउसने, तोंडी भागीदारी, कोऱ्या धनादेशावर घेतलेली सही, असे अनेक व्यवहार मात्र अद्याप भरवशावर चालतात. भरवसा तुटला की ते न्यायालयात येतात आणि तेव्हा मूळ पान सापडत नाही. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घरांत संगणकावरील खात्यांचीही तितक्याच निष्ठेने जुळवणी व्हावी, हे सांगण्यास न्यायाधीशाची गरज पडू नये.

त्या खुर्चीची वाट

या खुर्चीपर्यंत जाणाऱ्या वाटा आज दोन आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ नुसार दहा वर्षे उच्च न्यायालयात वकिली केलेला किंवा दहा वर्षे न्यायिक पदावर राहिलेला भारतीय नागरिक उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असतो आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो. पहिली वाट तेलंगांची, दुसरी रानड्यांची. दुसऱ्या वाटेचा आरंभ महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या दिवाणी न्यायाधीश परीक्षेने होतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रवेशासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. तालुक्याच्या न्यायालयात बदल्या घेत, भाड्याच्या घरांत राहत, जिल्हा न्यायाधीशपद गाठायचे आणि तेथून काही थोड्यांनीच उच्च न्यायालयात जायचे, अशी ही दीर्घ वाटचाल आहे.

व्यापारी कुटुंबातील हुशार मुलगा वा मुलगी वाणिज्य शाखेची पदवी घेते, तेव्हा घरात सनदी लेखापाल, व्यवस्थापन किंवा दुकानाची गादी यांचाच विचार होतो. न्यायसेवेचे नाव क्वचितच निघते. वास्तविक ज्या घरात कीर्द-खतावणी वाचता येते, उधारी कशी वाढते आणि कशी बुडते हे लहानपणापासून कानावर पडते, त्या घरातील मुलांना न्यायाधीश होण्यासाठी लागणारे अर्धे शिक्षण अंगणातच मिळालेले असते. उरलेले अर्धे म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच शांतपणे ऐकण्याची सवय; तिला अनेकांताचे संस्कार आहेतच. रानड्यांना सावकाराची वही वाचता येत होती, म्हणून ते कुळाला न्याय देऊ शकले. आणि कुळाची अडचण कळत होती, म्हणून सावकारावरही त्यांनी अन्याय होऊ दिला नाही. सिंधुदुर्गाची अपिले ज्या कोल्हापुरात आता ऐकली जात आहेत, तेथील पीठावर उद्या कट्ट्यासारख्या एखाद्या बाजारपेठेतील दुकानदाराची मुलगी बसलेली दिसावी, हे स्वप्न त्या घराने आजपासून पाहायला हवे.